टाका टिकेपर्यंत

लहान आतडं 'लहान' ठरतं ते जाडीवरून. लांबी मोजायला गेलं तर ते सहा मीटरच्या आसपास भरतं, आणि 'मोठं' म्हणवणारं जेमतेम दीड मीटरचं. एवढ्या लांबलचक नळीत कर्करोगही त्याच मानाने व्हायला हवा होता. पण अन्नमार्गातल्या एकूण कर्करोगांपैकी पाच टक्केही तिच्या वाट्याला येत नाहीत. आतड्याच्या अस्तरातून उगवणाऱ्या कर्करोगाचं तर आणखी एक वैशिष्ट्य असं की त्यातला निम्म्याहून अधिक पहिल्या वीतभर लांबीत, म्हणजे आद्यांत्रात, दाटीवाटी करून बसतो. हे आद्यांत्र बारा बोटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं लांब. ग्रीकांनी त्याचं नाव त्यावरूनच ठेवलं, आणि जर्मन भाषेत आजही त्याला 'बाराबोटी आतडं' म्हणतात.

या बाराबोटी आतड्याच्या आतल्या भिंतीवर एक छोटा उंचवटा असतो. यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका या दोघी तिथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात. विटेनबर्गच्या आब्राहाम फाटरने 1720 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला फाटरचं नाव आहे. त्या उंचवट्यावर चिंचोक्याएवढी गाठ आली तरी पित्ताची वाट बंद होते आणि माणूस पिवळा पडतो. पोटात दुखत नाही, ताप नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. रोगनिदानाच्या पुस्तकांत या गाठीला वेगळा खण देतात, पण ती उगवते आद्यांत्राच्या भिंतीत, आणि काढायची तर बहुतेकदा आद्यांत्रासकटच काढावी लागते. एका अर्थी ही गाठ प्रामाणिक म्हणायची. तिथून दोन-तीन बोटांवर, स्वादुपिंडाच्या आत, हाच रोग महिनोन् महिने चोरपावलांनी वाढतो. ही मात्र दारातच उभी राहून दवंडी पिटते.

दवंडी ऐकू येत होती. 1890 साली बाझलच्या कूर्वोआझिएने लिहून ठेवलं होतं की न दुखणारी कावीळ आणि हाताला लागणारं फुगलेलं पित्ताशय अशी जोडी दिसली, तर कारण खड्यांचं असण्याचा संभव कमी. म्हणजे रोग कुठे आहे हे पोट उघडण्याआधीच बऱ्यापैकी कळू लागलं होतं. कळून करायचं काय, हा प्रश्न मात्र पुढची पन्नास वर्षं सुटला नाही. त्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: कापणं सर्जनांना बरंच लवकर जमलं होतं. अडलं होतं ते कापलेलं पुन्हा सांधण्यापाशी.

अडचण शेजाऱ्यांची होती. आद्यांत्राचा वळसा स्वादुपिंडाच्या डोक्याला असा बिलगलेला असतो की चाळीतल्या दोन खोल्यांची भिंत जशी दोघांची, तशा त्यांच्या रक्तवाहिन्या दोघांच्या. एक पाडायची तर दुसरीचा पाया जातो. मागून पित्तनलिका उतरते, आणखी मागे यकृताकडे जाणारी मोठी शीर. काढायचं ते सगळं काढलं की तीन टोकं उघडी राहतात: जठराचं किंवा आतड्याचं, पित्तनलिकेचं आणि स्वादुपिंडाचं. पहिली दोन शिवता येतात. तिसरं टोक लोण्यासारखं मऊ. त्यात टाका घातला तर चिरत जातो, आणि त्यातून झिरपणारा रस मांस पचवण्यासाठीच बनलेला.

या गाठीवर पहिली यशस्वी म्हणावी अशी शस्त्रक्रिया बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, विल्यम हॉलस्टेडने 1898 च्या फेब्रुवारीत केली. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रुळले त्यामागे हाच हॉलस्टेड. औषधी पाण्याने हात सोलवटणाऱ्या एका परिचारिकेसाठी त्याने गुडइयर कंपनीकडून ते बनवून घेतले होते, आणि पुढे त्या परिचारिकेशी लग्नही केलं. हॉलस्टेडचा हात सावकाश, हळुवार, नेटका. बारीक रेशमी धाग्याने एकेक सुटा टाका घालायची त्याची पद्धत होती. हे रेशीम लक्षात ठेवावं, ते पुढे पुन्हा येणार आहे. त्याने आद्यांत्राचा गाठीपुरता तुकडा आणि स्वादुपिंडाची थोडी कड कापून काढली, आणि दोन्ही नलिका पुन्हा आतड्याच्या भिंतीत बसवल्या. रुग्ण त्यातून उठला. पण काही महिन्यांतच रोग त्याच जागी परतला आणि त्याने जीव घेतला. गाठ गेली होती, शेजार राहिला होता.

त्याच वर्षी इटलीतल्या इमोला गावी आलेस्सांद्रो कोदिव्हिला याने उलट टोक गाठलं. जठराचा भाग, आद्यांत्र, स्वादुपिंडाचं डोकं, सगळं त्याने एका बैठकीत काढलं. रुग्ण महिनाभरही जगला नाही. कोदिव्हिला पुढे बोलोन्याला जाऊन हाडांचा नामांकित सर्जन झाला आणि पोटाच्या इतिहासाने त्याला जवळजवळ विसरूनच टाकलं. मला मात्र त्याच्याबद्दल हळहळ वाटते. नकाशा त्याने बरोबर काढला होता. त्यावरून चालायला लागणारी साधनं त्याच्या हयातीत जन्मलीच नव्हती.

मग बर्लिनच्या शोनेबेर्ग भागातला वाल्थर काउश. ब्रेस्लाऊच्या मिकुलिचचा हा शिष्य, आणि जावईही. 1909 च्या जूनमध्ये त्याच्यासमोर असाच एक पिवळाधमक रुग्ण आला. काउशला अनुभवाने माहीत होतं की काविळीच्या माणसाला मोठी जखम केली की रक्त थांबत नाही. का थांबत नाही ते त्या वेळी जगात कोणालाच माहीत नव्हतं. त्याने चातुर्य केलं ते एवढंच, की घाई केली नाही. 15 जूनला फक्त पित्ताशय खालच्या आतड्याला जोडून पित्ताला वळणाची वाट करून दिली. कावीळ ओसरली, माणूस सावरला. मग 21 ऑगस्टला खरी शस्त्रक्रिया: आद्यांत्राचा मोठा भाग आणि स्वादुपिंडाच्या डोक्याचा बराचसा हिस्सा बाहेर. उरलेल्या आद्यांत्राचं तोंड त्याने स्वादुपिंडाच्या उघड्या टोकावर टोपीसारखं चढवून शिवलं, म्हणजे रस पोटात न सांडता आतड्यात जावा. रुग्ण सुमारे नऊ महिने जगला आणि पित्तमार्गाच्या जंतुसंसर्गाने गेला. काउशने हे सगळं 1912 साली सविस्तर छापलं.

इथून पुढे वाट रुंदावायला हवी होती. 1914 साली हायडेलबर्गच्या हिर्शेलने तेच एका बैठकीत साधलं आणि त्याचा रुग्ण वर्षभर जगला. 1922 साली इटलीत तेनानीचा रुग्ण तर तीन वर्षं जगला. पण हे सगळे सुटे दिवे. मधे महायुद्ध झालं, माणसं खंदकांत मरत होती, आणि एका दुर्मीळ गाठीसाठी दोन-दोनदा पोट उघडायला कोणाला सवड होती? शिवाय एक जुनी धास्ती होती: आद्यांत्रावाचून प्राणी जगूच शकत नाही, अशी. अमेरिकेत लेस्टर ड्रॅगस्टेट आणि त्याच्या साथीदारांनी 1918 साली कुत्र्यांचं आख्खं आद्यांत्र काढून ते जगतात हे दाखवलं, तेव्हा ती धास्ती निदान कागदावर तरी मिटली. तरीही बहुतेक सर्जन हॉलस्टेडचीच वाट धरत: आतडं उघडायचं, गाठ खरवडून घ्यायची, पुन्हा शिवायचं, आणि परमेश्वरावर हवाला ठेवायचा.

अॅलन व्हिपल हा अमेरिकन खरा, पण जन्मलेला पर्शियात, ऊर्मियाला, 1881 साली. आईबाप प्रेस्बिटेरियन मिशनरी. बालपण त्या खाऱ्या सरोवराच्या काठी, फारसी कानावर घेत गेलं, आणि ती ओढ त्याला म्हातारपणापर्यंत पुरली. 1930 च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात शल्यविभागाचा प्रमुख होता. स्वादुपिंडाशी त्याची ओळख आणखी एका रोगातून झाली होती. इन्सुलिन वारेमाप सोडणाऱ्या बारीक गाठी असलेले लोक उपाशीपोटी भ्रमिष्ट होत, बेशुद्ध पडत, आणि साखर दिली की उठून बसत. अशा रुग्णांतून खरी गाठ असलेला कोण हे ओळखायची त्याने घालून दिलेली तीन लक्षणांची कसोटी आजही विद्यार्थी घोकतात. त्या गाठी काढताना स्वादुपिंड हाताळायची जी भीड इतरांना होती ती त्याची चेपली होती.

फाटरच्या उंचवट्यावरच्या गाठीसाठी व्हिपल आणि त्याचे सहकारी पार्सन्स व मलिन्स यांनी 1934 साली पहिल्यांदा तो मोठा बेत केला. रुग्ण दोन दिवसही काढू शकला नाही. शवविच्छेदनात दिसलं की आतड्याची शिवण उसवली होती. शिवण नीट घातली नव्हती असं नव्हे; धागाच उरला नव्हता.

तो धागा होता कॅटगट. नावात मांजर असलं तरी ही तात मेंढीच्या आतड्यापासून करतात. तिचा मोठा गुण म्हणजे जखम भरेपर्यंत ती टिकते आणि मग शरीर तिला आपणच जिरवून टाकतं, म्हणून आतड्यांच्या कामात तिलाच मान होता. पण स्वादुपिंडाच्या रसाला हे गणित ठाऊक नव्हतं. तो रस आतड्यातल्या स्रावाशी मिसळला की त्यातलं ट्रिप्सिन जागं होतं, आणि ट्रिप्सिनचं काम एकच: प्रथिनं फोडणं. त्याने मेंढीचं आतडं जेवणातल्या मटणासारखं पचवलं. जखम भरायला दिवस लागतात. धाग्याला तास पुरले.

व्हिपल स्वच्छ जखमांसाठी कॅटगटऐवजी रेशीम वापरावं असं आधीपासून सांगत होता. हॉलस्टेडचीच ती शिकवण. आता त्याने ती इथेही लावली. पुढच्या रुग्णांत शिवण रेशमाची. रेशीमही प्रथिनच, पण फायब्रॉइनची घट्ट वीण ट्रिप्सिनला सहज उकलत नाही. किड्याने कोशासाठी काढलेल्या तंतूने न्यूयॉर्कमधल्या एका आतड्याचं तोंड बंद केलं, आणि ते बंद राहिलं.

1935 साली बोस्टनला अमेरिकन सर्जिकल असोसिएशनच्या सभेत व्हिपलने तीन रुग्णांची हकिगत मांडली. पहिला दगावलेला. दुसरा सुमारे नऊ महिने जगला आणि काउशच्या रुग्णासारखाच पित्तमार्गाच्या संसर्गाने गेला. तिसरा सुमारे दोन वर्षं जगला. मग यकृतात गाठी निघाल्या. तीन रुग्ण! आज कोणी तीन रुग्णांवर शोधनिबंध लिहून पाठवला तर संपादक तो वाचायच्या आधीच परत करील. पण सभेत बसलेल्यांना आकडे मोजायचे नव्हते. हे करता येतं, आणि असं करता येतं, एवढं त्यांना हवं होतं.

पद्धत काउशसारखीच दोन टप्प्यांची. आधी पित्ताला बगल देणारी वाट, मग तीन-चार आठवडे थांबून आद्यांत्र आणि स्वादुपिंडाची पाचर बाहेर. एका बाबतीत तर व्हिपल काउशच्या मागेच होता. स्वादुपिंडाचं उघडं टोक त्याने आतड्याला जोडलं नाही, नुसतं बांधून शिवून टाकलं. पचनाला तो रस नसला तरी भागतं अशी त्याची समजूत. भागत नाही, आणि बांधलेलं टोक गळतंही, हे कळल्यावर 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानेच ते आतड्याला जोडायला सुरुवात केली. जर्मनीत या शस्त्रक्रियेला आजही 'काउश-व्हिपल' म्हणतात, आणि मला ते न्याय्य वाटतं.

पण दोन टप्पे म्हणजे दोन भुली, दोन जखमा, आणि मधल्या आठवड्यांत पोटात चिकटून बसलेलं सगळं दुसऱ्यांदा सोडवत बसायचं. ते टाळायचं तर काविळीच्या माणसाचं रक्त का थांबत नाही हे कोडं सुटायला हवं होतं. ते सुटलं कोंबडीच्या पिल्लांवर. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डॅम त्यांना चरबीविरहित खाद्य देत होता. 1929 मध्ये त्याने नोंदवलं की पिल्लांच्या कातडीखाली, स्नायूंत रक्त साकळतं आणि वाहिलेलं रक्त गोठत नाही. अन्नातला कुठला तरी चरबीत विरघळणारा पदार्थ कमी पडत होता. 1935 साली त्याने त्याला 'के' हे अक्षर दिलं. रक्त गोठण्याला त्याच्या भाषेत जो शब्द आहे त्याचं ते पहिलं अक्षर. पुढे अमेरिकेत डॉइझीने हा पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवला, एक प्रकार लसूणघासातून आणि दुसरा सडवलेल्या मासळीच्या भुकटीतून. आपल्याकडे गाईम्हशींपुढे टाकतात तोच लसूणघास. दोघांना 1943 चं नोबेल मिळालं.

आता कोड्याचा दोरा सरळ झाला. पित्त आतड्यात पोचलं नाही की चरबी पचत नाही. चरबी पचली नाही की के जीवनसत्त्व अंगी लागत नाही. ते नसलं की यकृताला रक्त गोठवणारे घटक तयार करता येत नाहीत. काउशने अनुभवाने जी बगल काढली होती तिचं गुपित हेच होतं: पित्ताला वाट दिली की काही आठवड्यांत रक्त आपोआप सुधारायचं. 1938 पासून अमेरिकेतल्या रुग्णालयांत काविळीच्या रुग्णांना के जीवनसत्त्व देऊ लागले, आणि जे काम आठवड्यांचं होतं ते काही दिवसांवर आलं.

रक्ताचीही सोय होत होती. व्हिपलच्याच रुग्णालयात 1939 च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स ड्र्यू आणि जॉन स्कडर यांनी प्रायोगिक रक्तपेढी सुरू केली. ड्र्यू कृष्णवर्णीय. त्या काळी न्यूयॉर्कमध्येही गोऱ्या रुग्णाच्या खाटेपाशी कृष्णवर्णीय डॉक्टर सहज उभा राहू शकत नसे, आणि या हुशार सर्जनाची वाट वॉर्डाऐवजी रक्ताच्या बाटल्यांकडे वळण्यात त्याचाही हात होता. रक्त साठवण्याच्या शास्त्राचं त्यात भलं झालं, हे म्हणताना जीभ अडखळते.

6 मार्च 1940. प्रेस्बिटेरियन रुग्णालयात बाहेरगावचे सर्जन शस्त्रक्रिया पाहायला जमले होते. टेबलावर जठराच्या खालच्या टोकाचा कर्करोग असावा असं निदान झालेला रुग्ण. कावीळ नव्हती. व्हिपलने पोट उघडलं, जठर आडवं कापलं, आणि मग लक्षात आलं की गाठ जठराची नाहीच. ती मागच्या स्वादुपिंडाच्या डोक्यात आहे. जठर कापून झालेलं. पाहुणे बघतायत. मागे फिरण्याचा रस्ता स्वतःच्याच कात्रीने बंद केलेला. कावीळ नसल्याने रक्ताची चिंता कमी होती, म्हणून त्याने ठरवलं की आता पुढेच जायचं. जठराचं खालचं टोक, सगळं आद्यांत्र आणि स्वादुपिंडाचं डोकं एकाच बैठकीत बाहेर निघालं. पुढे तपासणीत ती गाठ नेहमीच्या कर्करोगाची नसून स्वादुपिंडातल्या संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची निघाली, आणि रुग्ण कित्येक वर्षं जगला. चुकीच्या निदानातून बरोबर शस्त्रक्रिया निघाल्याची अशी उदाहरणं वैद्यकात कमी नाहीत, पण पाठ्यपुस्तकांत ती फार आवडीने सांगत नाहीत. जवळपास त्याच सुमारास बाल्टिमोरच्या ट्रिंबलनेही एका बैठकीत हेच केलं होतं. व्हिपलने आयुष्यभरात ही शस्त्रक्रिया एकूण 37 वेळा केली. आज वर्दळीच्या केंद्रात एक पथक तेवढ्या काही महिन्यांत करून मोकळं होतं.

नाव व्हिपलचं चिकटलं, आणि नावाबरोबर बदनामीही. पुढची तीन दशकं या शस्त्रक्रियेनंतर दर चार-पाच रुग्णांमागे एक रुग्णालयातच दगावत असे. 1970 साली क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइलने थेट लिहिलं की स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी ही उठाठेव सोडून नुसती बगल द्यावी. रुग्ण तेवढाच जगतो आणि कमी भोगतो. त्यात तथ्य होतं. पण फाटरच्या उंचवट्यावरच्या, दारात उभं राहून ओरडणाऱ्या त्या छोट्या गाठीचा हिशेब वेगळा होता. ती लवकर सापडे, म्हणून कापून काढल्यावर बरे होणारे त्यांत अधिक असत. ज्या गाठीसाठी ही शस्त्रक्रिया जन्मली तिच्यासाठी ती टिकून राहिली, आणि तिच्या आडोशाने बाकीच्यांसाठीही.

मरणाचं प्रमाण खाली आणलं ते एखाद्या नव्या हत्याराने नव्हे, सरावाने. 1993 साली जॉन्स हॉपकिन्सच्या जॉन कॅमेरनने ओळीने 145 रुग्णांत एकही मृत्यू न झाल्याचं जाहीर केलं. हॉलस्टेडचंच ते रुग्णालय. 2002 साली अमेरिकेतल्या आकडेवारीने दाखवलं की स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत 16.3 टक्के रुग्ण मरतात, नेहमी करणाऱ्यांत 3.8 टक्के. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेर जळगाव-लातूरकडून आलेली माणसं पथारी टाकून का थांबतात, याचं एक उत्तर या दोन आकड्यांत आहे. तिथे 'व्हिपल' हा शब्द ऊर्मियात जन्मलेल्या माणसाचं नाव उरलेला नाही. "आमच्या काकांचं व्हिपल आहे मंगळवारी," असं लोक सहज म्हणतात.

निवृत्तीनंतर व्हिपल पूर्वेकडे पुन्हा वळला. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात त्याने काम केलं, आणि ग्रीक वैद्यक अरबांपर्यंत नेणाऱ्या नेस्टोरियन ख्रिस्त्यांवर लिहिलं. लहानपणी ऊर्मियाला शेजारी राहणारी ती माणसं. 1963 साली तो प्रिन्स्टनला वारला.

स्वादुपिंडाचा तो मऊ सांधा अजूनही गळतो. टाके कसे घालावेत, किती पदरी, नलिकेत बारीक नळी ठेवावी की नाही, आतड्याला जोडावं की जठराला, यावर सर्जनांची परिषदेत हमरीतुमरी चालूच असते. धागा आता रेशमाचा नसतो, कारखान्यात बनलेला, ट्रिप्सिनला दाद न देणारा असतो. तरी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी शिकाऊ डॉक्टर पोटातून बाहेर काढलेल्या नळीची पिशवी उजेडाकडे धरतो, पाण्याचा रंग बघतो, आणि त्यातलं दोन-चार मिलिलिटर अमायलेज मोजायला प्रयोगशाळेत पाठवतो. रक्तातल्या प्रमाणाच्या तिपटीहून आकडा वर आला तर टाका कुठेतरी सुटतोय. दुपारपर्यंत अहवाल येतो. तोवर काकांना तोंडाने पाणी द्यायचं की नाही, ते कोणी सांगत नाही.